पानक आणि महांतप्पांचे पाय

बसवजयंतीची मिरवणूक लोहाऱ्याच्या चौकात थांबवून तिला पानक पाजायचा मान मेनकुदळ्यांच्या घराला आहे. हा मान कोणी दिला आणि केव्हा दिला याचा कागद कुठंही नाही, म्हणूनच तो आजवर कोणाला काढून घेता आलेला नव्हता. पानक म्हणजे गुळाचं पाणी, त्यात लिंबू, चिंचेचा कोळ, सुंठ आणि वेलची. ऐन वैशाखात टोपीखालून घाम ओघळत असताना असा एक पेला पोटात गेला की माणूस पुढच्या वळणापर्यंत घोषणा देऊ शकतो. गौरीशंकर मेनकुदळे सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. गावात मात्र त्यांची ओळख पानकवाले मास्तर हीच राहिली, आणि त्यांना ती घड्याळापेक्षा जास्त आवडायची.

गेल्या वर्षी ते पानक आंबलं.

त्यात मास्तरांची चूक एवढीच की ते लोहाऱ्यात राहत होते. उन्हाळ्यात तिथं नळ आठवड्यातून एकदा येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात पानक केलं तर पिणारा विचारतो, सुंठ घातलीय का मीठ. त्यामुळे नळ येईल त्या दिवशी पानक करून ठेवायचं, मग जयंती उद्यावर असो नाहीतर चार दिवसांवर. गेल्या वर्षी ती चार दिवसांवर होती. गुळाचं पाणी, वैशाखाचं ऊन आणि पत्र्याची खोली या तिघांनी मिळून जे करायचं ते केलं. चौकात झाकण उघडलं तेव्हा वर फेस होता. मास्तरांना वाटलं, ढवळल्यामुळं आला असेल.

जयंती समितीचे अध्यक्ष महांतप्पा. वय ऐंशीच्या पुढं, जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही, आणि हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. रिवाजाप्रमाणे पहिला पेला बसवेश्वरांच्या प्रतिमेपुढं ठेवतात, दुसरा महांतप्पांना देतात. त्यांनी तो घेतला, आपणहून आणखी एक मागितला, आणि थोड्या वेळानं हलगीपुढं जाऊन नाचायला लागले. एका हातात धोतराचा सोगा, दुसरा हात डोक्यावर, चौकापासून थेट मंदिरापर्यंत. कलबुर्गीहून आलेले त्यांचे नवे व्याही रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मोबाइल काढून ते सगळं टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली. महांतप्पा सतरंजीकडं बघत म्हणाले, "पानकात दोष व्हता." लगेच त्यांनीच पुढं सांगितलं, "उमरग्याच्या शिवराजला विचारू. त्याच्या एजन्सीच्या थंड बाटल्या येतील. ब्यानर त्याचं लागंल."

 उभ्या नोकरीत ज्यांच्या हातून एक मनीऑर्डर चुकीच्या दारात गेली नाही, त्या माणसाच्या घरचा मान शीतपेयांच्या टेम्पोत बसून उमरग्याला चालला होता. मास्तर हात जोडून उठले आणि त्यांनी एक वर्ष मागून घेतलं.

"दिलं," महांतप्पा म्हणाले. "पण पुढल्या साली फेस दिसला की मान गेला."

दुसरा कोणी असता तर त्यानं पुढच्या वर्षी बर्फाच्या लाद्या आणल्या असत्या. पण मास्तर शिकलेले होते, आणि शिकलेल्या माणसाला सोपा उपाय कमीपणाचा वाटतो. तुळजापुरात फळप्रक्रियेचं प्रशिक्षण असल्याचं त्यांनी पेपरात वाचलं आणि नाव घातलं. तिथं सगळ्या बचत गटाच्या बायका आणि एकटे मास्तर. बायका लोणचं घालायला शिकत होत्या, मास्तर घराण्याची अब्रू टिकवायला शिकत होते. परत आले ते नियमपुस्तिका आणि प्रमाणपत्र घेऊन. ते फ्रेम करून घड्याळाखाली लावलं आणि त्या दिवसापासून घरात सोडियम बेन्झोएट हा विषय सुरू झाला.

"ही पावडर जंतूंना मारून टाकत नाही," मास्तर भाकरी मोडत पत्नीला, उमादेवींना सांगायचे. "त्यांना वाढूच देत नाही. पण नुसत्या गोडात तिचा उपयोग शून्य. आंबट पाहिजे. आंबटात ती काम करते. प्रमाण ठरलेलं आहे, त्याच्या वर कणभर गेलेलं चालायचं नाही. आधी थोड्या पाण्यात विरघळवायची. धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, डोळ्यात जाऊ द्यायची नाही. आणि ठेवायची कशी? कोरड्या, थंड जागी, झाकण घट्ट, नाव लिहून, खाण्याच्या जिन्नसांपासून लांब."

"अवो, एवढं तर तुमी आपल्या लग्नातबी बोलला न्हवता," उमादेवी म्हणाल्या.

पहिली ठेच परवानगीला लागली. चौकात मांडव टाकायचा अर्ज दरवर्षी नगरपंचायतीत करावा लागतो आणि दरवर्षी तो चहा गार व्हायच्या आत मंजूर होतो. यंदा मास्तरांनी प्रामाणिकपणानं लिहिलं, 'परिरक्षक रसायनयुक्त पानकाचे वाटप.' अर्ज घेणारा नंदीश म्हणजे शेजारच्याच घरातला. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्ची जराशी मागं घेतली.

"मास्तरकाका, रसायन म्हणल्यावर मला वर विचारावं लागंल."

वरचे साहेब म्हणाले, आरोग्यवाल्यांना विचारा. आरोग्यवाले म्हणाले, आमची हरकत नाही, पण पावडर पेटती असेल तर अग्निशामकवाल्यांचं पत्र लागेल. अग्निशामकच्या माणसानं सरळ विचारलं, "पेटतंय का?" इथं कोणीही 'नाही' म्हणून सुटला असता. मास्तर म्हणाले, "तशी नाही पेटत. पण तिची बारीक धूळ कोंडलेल्या हवेत खूप उडाली आणि ठिणगी पडली, तर भडका होऊ शकतो, असं पुस्तिकेत आहे." तो माणूस उठून उभा राहिला. त्याला खाली बसवायला मास्तरांचा अर्धा दिवस गेला.

शेवटी नंदीशनंच अर्ज परत दिला. "काका, सादं 'पानक वाटप' लिहा. म्या शिक्का मारतो."

"पण ते अपूर्ण आहे."

"काका, तुमी सुंठ लिहिलीय का? वेलची लिहिलीय का? मग हेच एवढं का लिहिता?"

 मास्तरांनी 'पानक वाटप' लिहिलं, पण मांडवात सगळ्या जिन्नसांची पाटी लावायची आणि तिच्यावर बेन्झोएट ठळक लिहायचं असं तिथंच ठरवून टाकलं, तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

पावडर मिळाली उमरग्यात, अल्ताफच्या दुकानात. तो बेकरीवाल्यांना सामान पुरवतो. त्यानं दोन बरण्या पुढं केल्या. "मास्तर, येक ही बेन्झोएट. दुसरी हाय ती रंग खाती. अन् आंबटात पडली की गंधकाचा असा धूर मारती, की दमेकऱ्याची खैर न्हाई. कुठली देऊ?"

"पहिली," मास्तर म्हणाले. "मी प्रशिक्षित आहे."

आता ही पावडर ठेवायची कुठं? स्वयंपाकघर बाद, कारण खाण्याचे जिन्नस. न्हाणी बाद, कारण ओल. बैठकीची खोली बाद, कारण येणारे-जाणारे. सगळ्या घरात कोरडी, थंड, स्वच्छ आणि कोणी उगाच हात लावणार नाही अशी जागा एकच निघाली, ती म्हणजे देवघराची फळी. मास्तरांनी पावडर घट्ट झाकणाच्या पितळी डबीत भरली, तिला चिठ्ठी चिकटवली, त्यावर पोस्टातल्या वळणदार अक्षरात नाव आणि इशारा लिहिला, आणि डबी फळीवर ठेवून दिली. नियमपुस्तिकेत यापेक्षा जास्त काही सांगितलेलं नाही.

नळ आला शुक्रवारी, जयंतीच्या तीन दिवस आधी. आदल्या दिवशीच सास्तूरहून शिवकांता काकू आल्या होत्या. काकू म्हणजे मास्तरांच्या दिवंगत चुलत्यांच्या पत्नी. त्या पहाटे उठून आंघोळ करतात, इष्टलिंगाची पूजा करतात आणि चष्मा मात्र जेवतानाच लावतात. घरात सगळे नळाच्या गडबडीत. काकूंना विभूती हवी होती. त्यांनी फळीवर हात फिरवला, पितळी डबी हाताला लागली. उघडली तर आत पांढरीशुभ्र, मऊ, बारीक भुकटी. काकूंनी तीन बोटं ओली केली, कपाळावर तीन पट्टे ओढले आणि त्यांना फार समाधान वाटलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण काकूंचा हात मोठा. एवढी शुद्ध विभूती, एवढी जपून ठेवलेली, म्हणजे ती श्रीशैलहूनच आणलेली असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. नळाला रांगेत उभ्या असलेल्या साऱ्या बायकांना त्यांनी एकेक मोठी चिमूट पदरात बांधून दिली आणि वर एकेकीच्या कपाळाला स्वतःच्या हातानं लावलीही.

मास्तर डबी आणायला गेले तेव्हा तिच्या तळाशी चहात घालण्याएवढंच काही उरलं होतं. ते डबी घेऊन तसेच बाहेर धावले. समोर सगळी गल्ली घागरी घेऊन उभी, आणि प्रत्येक कपाळावर सोडियम बेन्झोएट.

"हात लावू नका," मास्तर ओरडले. "चोळू नका. डोळ्यात जाईल. आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग पाण्यानं धुवा."

"विभूती पुसा म्हणतोस?" काकूंचा आवाज चढला. "जयंतीच्या तोंडावर? शंकऱ्या, शुद्धीवर हाईस का?"

"काकू, ती विभूती न्हाय. औषध हाय ते, पानकाचं." घाबरले की मास्तर शिकलेली भाषा विसरतात.

"मग आधी सांगायचं," काकू म्हणाल्या. "देवाच्या फळीवर ठिवायचं अन् वर म्हणायचं विभूती न्हाय. लई गार वाटतंय पर."

कोणाला काही झालं नाही. नंदीशच्या आईला दोन शिंका आल्या, त्या तिला एरवीही येतात. सगळ्यांनी कपाळं धुतली, पण पदरातल्या पुड्या कोणी परत करायला तयार होईना, कारण दिलेली विभूती परत घेतात हे कोणी ऐकलं नव्हतं. पदरात बांधलेली पावडर आता पानकात चालणार नाही हे मास्तरांना कळत होतंच. त्या पुड्या खाण्याच्या जिन्नसांपासून लांब ठेवा, एवढं मात्र त्यांनी प्रत्येकीकडून वदवून घेतलं. पाणी भरायचं काम उमादेवींवर सोपवून ते उमरग्याची जीप धरायला धावले.

जीप भरेपर्यंत सुटत नाही, आणि भरल्यावरही आणखी चौघं बसल्याशिवाय सुटत नाही. मास्तर उमरग्यात पोचले तेव्हा जुम्म्याच्या नमाजासाठी दुकान बंद होतं. मास्तर पायरीवर बसून राहिले. मोरांब्याच्या बरणीसारखी जपलेली आपली अब्रू आता कपाळाकपाळावर वाटली गेली, या विचारानं त्यांना अगदी रडायला आलं. अल्ताफ आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि हसत हसत मैद्याच्या पोत्यावर बसला तो उठेचना.

"मास्तर," डोळे पुसत तो म्हणाला, "तुमच्या गल्लीतली कपाळं आता वरीसभर खराब होत न्हाईत." मग तो गंभीर झाला. "अम्मी मोहरमात सबील लावून येणाऱ्याजाणाऱ्याला शरबत वाटती. शरबत बिघडलं तर काय वाटतं, ते मला म्हाईत हाय. घ्या. अन् मी जयंतीला येतो, बघायला."

दुपार कलता मास्तर घरी आले आणि पोशाख चढवायला लागले. करोनाच्या वेळी पोस्टात आलेला पांढरा झगा होता, डोळ्याला मोटारसायकलचा गॉगल, तोंडाला मास्क. हातमोजे सापडेनात. तोपर्यंत कुतूहलानं दारात बरीच माणसं जमली होती, आणि त्या सगळ्यांच्या समोर उमादेवींनी विचारलं, "केस रंगवायच्या पुड्यात आलेले हातमोजे हाईत, ते देऊ का?"

मास्तरांच्या केसांचा काळेपणा हा आजवर गावात अनुवंशाचा प्रकार समजला जात होता. त्यांनी झटकन हातमोजे घेतले.

पण खिडकीतून तो पांढरा झगा ज्यांनी नुसताच पाहिला त्यांनी सकाळची गोष्ट आठवली. मास्तरांनी सगळ्यांना कपाळं धुवायला लावली, आणि आता हा पोशाख. दिवेलागणीपर्यंत करोना मेनकुदळ्यांच्या घरात परत आल्याची बातमी बसस्टँडला पोचली. नंदीश फाटकाबाहेरून, तोंडाला रुमाल बांधून ओरडला, "काका, काई लागलं तर सांगा, पर लांबून सांगा."

आत मास्तर पत्रं तोलायच्या जुन्या तराजूवर पावडर तोलत होते. पंखा बंद, श्वास धरलेला. पुस्तिकेतल्या प्रमाणाला ठिपक्याचाही धक्का न लावता त्यांनी ती थोड्या पाण्यात विरघळवली आणि इथं एक चूक केली. गुळाच्या पाण्यात ओतण्याऐवजी ती त्यांनी लिंबू आणि चिंचेच्या घट्ट कोळात ओतली. क्षणात पातेल्यात पांढऱ्या चकचकीत कण्या तरंगायला लागल्या.

"फाटलं," दारातून कोणी तरी म्हणालं, आणि मग दार सल्ल्यांनी भरून गेलं. कोणी म्हणे तुरटी फिरवा, कोणी म्हणे तूप सोडा. काकू म्हणाल्या, मनात शंका ठेवून केलं की असंच होतं. मास्तरांनी गॉगल वर सरकवला, डोळे मिटले आणि तुळजापूरच्या बाकावर मनानं जाऊन बसले. कडक आंबटात ही पावडर वेगळी होऊन कण्या धरते. भरपूर पाण्यात, जराशा कोमट, हळूहळू ढवळलं की पुन्हा विरते. त्यांनी कोळ कोमट केला आणि सगळा गुळाच्या पाण्यात धार धरून सोडला. उमादेवी उलथन्यानं ढवळत राहिल्या. कण्या विरल्या. पिंपातलं पानक मधाच्या रंगाचं, नितळ दिसायला लागलं. मास्तरांनी चाखायला अर्धा चमचा तोंडात घातला. बाबांच्या हातची चव होती. त्यांना एकदम वडिलांची आठवण आली आणि गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढावा लागला.

स्वच्छ धुतलेल्या कॅनमध्ये पानक भरून त्यांनी झाकणांवर लाख लावली, पोस्टाच्या थैल्यांना लावतात तशी, आणि प्रत्येक लाखेवर अंगठीचा ठसा उमटवला.

जयंतीच्या दिवशी सूर्य सगळा लोहाऱ्यावरच उतरला होता. शिवराजचा टेम्पो सकाळीच चौकात येऊन लागला, अगदी सभ्यपणे, बॅनर गुंडाळलेलं. "आपलं राखीव म्हणून," तो म्हणाला. मिरवणूक दुपारी यायची होती, पण रथ ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं टायर बसलं, आणि नवं येईपर्यंत चार वाजून गेले. एवढा वेळ कॅन मांडवात, आणि मांडव उन्हात. टेम्पोतला बर्फ वितळून बाटल्या कोमट झाल्या. मास्तर पाटीशेजारी उभे. अर्जातून गाळलेलं सोडियम बेन्झोएट पाटीवर ठळक लिहिलेलं होतं. अल्ताफ आला, पाटी वाचली आणि त्यांच्या बाजूला उभा राहिला.

मिरवणूक आली. महांतप्पा खुर्चीवर बसले. कलबुर्गीचे व्याही शेजारी. सगळा चौक टाचा उंचावून लाखेकडं बघत होता. मास्तरांनी ती फोडली आणि झाकण उघडलं.

फेस नव्हता. एक बुडबुडाही नव्हता. वेलचीचा वास मांडवाबाहेर गेला. पहिला पेला प्रतिमेपुढं ठेवला, दुसरा महांतप्पांना दिला. त्यांनी नाकाजवळ धरला, घोट घेतला, मग सगळा संपवला. चेहऱ्यावर काही दिसेना. त्यांनी आणखी एक मागितला. तोही संपवला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

आता चौकात कोणी त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतं. सगळे पायांकडं बघत होते. मास्तर बघत होते, काकू चष्मा लावून बघत होत्या, शिवराज बॅनरच्या दोरीला हात घालून बघत होता. पाय शांत होते. मास्तरांनी श्वास सोडला, तेवढ्यात हलगी जवळ आली आणि महांतप्पांचा उजवा अंगठा चपलेत हलला. मग टाच हलली. मग ते सोगा हातात धरून उठलेच, दुसरा हात डोक्यावर गेला आणि हलगीपुढं जाऊन ते नाचायला लागले.

मास्तरांना धरून अल्ताफनं खुर्चीवर बसवलं. शिवराजनं दोरी सोडली, बॅनर अर्धं उलगडलं.

महांतप्पांनी हात वर केला. हलगी थांबली.

"ते गुंडाळ," ते शिवराजला म्हणाले. मग चौकाकडं वळले. "पानक चोख हाय. असं पानक ह्या चौकात म्या उभ्या जन्मात पिलो न्हाय. गेल्या सालचं आंबलं व्हतं, व्हय. पर नाचलो ते पानकानं न्हाय. हलगी वाजली की माझे पाय लहानपणापास्नं ऐकत न्हाईत. आजवर दाबून धरले. गेल्या साली सुटले, अन् व्याह्यासमोर लाज वाटली म्हणून पानकावर घातलं. मास्तर, मान तुमच्याच घराकडं ऱ्हाईल. माझ्यानंतरबी."

चौकात एवढा गलका झाला की ट्रॅक्टरचं टायर पुन्हा बसल्याचं कोणाला कळलं नाही. अल्ताफनं भरलेला पेला सगळ्यांत आधी शिवराजच्या हातात दिला, आणि तो त्यानं गटागटा संपवून पुन्हा पुढं केला. काकू बायकांना सांगत होत्या की पानक टिकलं ते विभूतीमुळंच, आणि एरवी अशा वेळी मास्तरांनी पुस्तिका काढली असती. पण त्यांना वेळ नव्हता. महांतप्पांनी त्यांचं मनगट धरून त्यांना हलगीपुढं ओढलं होतं. मास्तर जन्मात नाचले नव्हते. ते पत्रांवर शिक्के मारल्यासारखे पाय आपटत होते, आणि मांडवातून उमादेवी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

कलबुर्गीच्या व्याह्यांनी खिशातून मोबाइल काढला. महांतप्पांनी नाचता नाचता तिकडं पाहिलं.

"अवंदा हात स्थिर धरा, व्याही," ते म्हणाले. "गेल्या सालचं लई हललंय. म्या रोज बघतो."